गोठ्यातली लॅम्ब्रेटा भंगारात घालण्याआधी एवढं वाचाच

मुंबई उपनगर : भंगारवाल्याची आरोळी वाडीत आली की घरातली बाई आधी फुटकी बादली काढते, मग गंजलेला पत्रा, आणि शेवटी कुणाला तरी गोठ्यातली स्कूटर आठवते. कडब्याच्या पेंढ्यांखाली, युरियाच्या पोत्यांमागे ती कित्येक वर्षं पडून असते. आजोबा मुंबईला कंपनीत होते तेव्हा घेतलेली. टायर बसलेले, सीट उंदरांनी खाल्लेली, किक मारायला गेलं तर पाय जागचा हलत नाही. वजनकाटा येतो, किलोवर भाव होतो, आणि अर्ध्या तासात गाडी टेम्पोत जाते.

गाडी द्यायची की ठेवायची हा घरचा प्रश्न. पण तिच्यावर ‘लॅम्ब्रेटा’ किंवा ‘लॅम्बी’ असं नाव असेल, तर आधी तिची कुळकथा माहीत असावी. कारण ही गाडी मूळची इटलीची, आणि आपल्याकडे ती बनली ती मुंबईच्या भांडुपला.

मिलानहून भांडुपला

इटलीत मिलान शहराजवळ लांब्राते नावाचा भाग आहे, लांब्रो नदीच्या काठचा. तिथे फर्दिनांदो इनोचेंती या उद्योजकाचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा लोकांकडे पैसा नव्हता, पण कामावर जायला स्वस्त गाडी हवी होती. नळ्या वाकवण्याचं कसब हातात होतंच. त्यातून १९४७ साली पहिली लॅम्ब्रेटा बाहेर पडली. नदीवरून आणि गावावरून हे नाव.

आज स्कूटर म्हटलं की बायाबापड्यांची, बाजारहाटाची गाडी असं वाटतं. पण लॅम्ब्रेटाचा एक अवतार भलताच तापट होता. १९५१ साली रोमोलो फेर्री नावाच्या स्वाराने फक्त १२५ सीसीच्या, गोळीसारखा पत्रा चढवलेल्या लॅम्ब्रेटावर जर्मनीतल्या महामार्गावर ताशी २०१ किलोमीटर वेग गाठला होता. पुढे ‘टीव्ही १७५’ हे तिचं खास वेगवान मॉडेल निघालं. टीव्ही म्हणजे ‘तुरिस्मो वेलोचे’, मराठीत सांगायचं तर वेगाने फिरणारी. १९६२ च्या सुमाराला या गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आला. आपल्याकडे मोटारसायकलींना डिस्क ब्रेक दिसायला त्यानंतर कित्येक वर्षं लागली.

भारतात ही गाडी आणली ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ म्हणजे एपीआय या कंपनीने. ब्रिटनच्या रूट्स समूहाने १९४९ साली मुंबईत तिची स्थापना केली. नंतर ती मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या समूहाकडे गेली. चेन्नईच्या चेपॉक क्रिकेट मैदानाला ज्यांचं नाव आहे तेच हे चिदंबरम. कारखाना भांडुपला. आधी इटलीहून आलेले भाग इथे जोडले जात, मग ‘एल-आय १५०’ हे मॉडेल परवाना घेऊन इथेच बनू लागलं. याच कंपनीची तीनचाकीही रस्त्यावर होती. पुढे औरंगाबादेतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर लॅम्ब्रेटा हे नाव मागे पडलं आणि तीच गाडी ‘लॅम्बी १५०’ म्हणून विकली जाऊ लागली.

घाटकोपर, भांडुप, मुलुंड हा तेव्हा सगळा कारखान्यांचा पट्टा. भोंगा झाला की रस्ताभर डबेवाले कामगार. गंमत म्हणजे सिएट टायरचा कारखानाही भांडुपचाच, आणि सिएट हे नावसुद्धा मूळ इटलीतल्या तुरीन शहरातलं. खाली कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिएट मोटारी बनत, त्याही इटालियन. म्हणजे एका काळी या लोकलच्या रुळांकडेने अर्धी इटली नांदत होती. आणि कामाला माणसं कुठली? कोकणातली, सातारा-सांगलीची, जुन्नर-आंबेगावची. तीच माणसं निवृत्त झाल्यावर ट्रंका-पेट्यांबरोबर स्कूटरही गावाला घेऊन आली. गोठ्यातली गाडी गोठ्यात आली ती अशी.

इकडे इटलीत इनोचेंतीने १९७१ च्या सुमाराला लॅम्ब्रेटा बंद केली. तिची यंत्रसामग्री भारत सरकारने घेतली आणि १९७२ साली लखनौला ‘स्कूटर्स इंडिया’ ही सरकारी कंपनी काढली. ‘विजय सुपर’ ती हीच. उत्तर भारतात धावणारी ‘विक्रम’ सहाआसनी याच घरातली. त्या कंपनीवरही २०२१ साली केंद्र सरकारने पडदा टाकला.

भांडुपची आणि लखनौची या दोन गाड्या एका आईच्या असल्या तरी जुळ्या नाहीत. भांडुपची गाडी अंगाने भरलेली, गोलसर. लखनौची सडपातळ, नंतरच्या इटालियन मॉडेलवर बेतलेली. इंजिनाच्या आतले बरेच भाग एकमेकींना चालतात, पण बाहेरचे पत्रे चालत नाहीत. स्पेअर घेताना ‘लॅम्ब्रेटाचा द्या’ एवढं सांगून भागत नाही, ‘भांडुपची लॅम्ब्रेटा’ की ‘विजय सुपर’ हे सांगावं लागतं. नाहीतर पार्ट घरी येतो आणि बसत नाही.

बजाजपेक्षा वेगळी कशी?

गावातल्या बहुतेक मेकॅनिकांचा हात बजाज चेतकवर बसलेला असतो. चेतक ही वेस्पाच्या वंशातली. लॅम्ब्रेटा तिची चुलतबहीण नाही, सरळ भाऊबंदकीतली. दोघींची रचनाच निराळी.

वेस्पा-चेतकला वेगळी फ्रेम नसते. दाबून घडवलेला पत्रा हीच तिची फ्रेम. लॅम्ब्रेटाला मात्र पोटात जाड पोलादी नळीची फ्रेम आहे आणि पत्रे तिच्यावर बोल्टने लावलेले. त्यामुळे पत्रा सडला तरी गाडी मरत नाही. चेतकचं इंजिन एका अंगाला असतं, म्हणून ती थोडी कलते. लॅम्ब्रेटाचं इंजिन मधोमध, आडवं झोपवलेलं. चेतकचं पुढचं चाक एका बाजूने धरलेलं, लॅम्ब्रेटाचं दोन्ही बाजूंनी. चाक १० इंची, टायर ३.५० बाय १०, म्हणजे चेतकचाच. टायरची चिंता नाही.

इंजिन १४८ सीसी, दोन स्ट्रोकचं. पिस्टनचा व्यास ५७ मिमी, चाल ५८ मिमी. ताकद साधारण साडेसहा अश्वशक्ती. गिअर चार, डाव्या मुठीत. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत नेते ती दुपदरी चेन, आणि ती बंद पेटीत तेलात बुडून फिरते. म्हणून ती बाहेरून दिसत नाही आणि बरेच जण विसरतात की अशी चेन आहे.

दोन स्ट्रोक इंजिनाची एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं. त्याच्या पोटात इंजिन ऑइल नसतंच. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी तेल हेच त्याचं वंगण. तेच पिस्टनला मिळतं, तेच बेअरिंगला. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या बंद खोलीत येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. त्या खोलीला कुठून बारीक गळती लागली की कितीही ट्यूनिंग करा, इंजिन ताळ्यावर येत नाही.

पहिली किक हाच घात

जुनी गाडी बाहेर काढली की पोरांचा पहिला उद्योग ठरलेला. टाकीत शंभराचं पेट्रोल ओतायचं आणि सात जणांनी सात किका मारायच्या. मग ढकलून, उतारावर सोडून, दुसऱ्या गिअरला टाकून. यातच चांगलं इंजिन मरतं. वीस वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. त्या जोराने ओढल्या की ब्लॉकला चरे पडतात. किकच्या दात्यांचा तुकडा पडला तर सगळी पेटी उघडायची वेळ येते.

त्यापेक्षा प्लग काढावा. भोकातून चमचा-दोन चमचे टू-टी तेल सोडावं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी किक न मारता मॅग्नेटचा पंखा हाताने हळूच पुढे-मागे करून बघावा. हलला तर उत्तम. नाही हलला तर आणखी तेल, आणखी दोन दिवस. तरीही नाही तर हेड-ब्लॉक उघडावा लागेल, पण पान्ह्याने किंवा हातोडीने जबरदस्ती करू नये.

पंखा हलला की त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण काढून आत डोकवावं. लॅम्ब्रेटाचं आडवं इंजिन पत्र्याआड झाकलेलं आहे, त्याला समोरचा वारा लागत नाही. पंखा वारा ओढतो आणि पत्र्याच्या बोगद्यातून ब्लॉकवर सोडतो. गोठ्यातल्या गाडीत या बोगद्यात हमखास काहीतरी सापडतं. उंदराने जमवलेल्या चिंध्या, कुंभारीण माशीची मातीची घरं, भाताचा कोंडा. ते तसंच ठेवून गाडी चालू केली तर पाच-सात किलोमीटरवर पिस्टन जाम. काही जण ‘इंजिनाला हवा लागू दे’ म्हणून झाकणच काढून टाकतात. ते उलटं आहे. झाकण काढलं की वारा ब्लॉककडे न जाता भलतीकडेच जातो. सगळे पत्रे जागच्या जागी असले तरच इंजिन थंड राहतं.

मग टाकी. ती सीटखाली असते. जुनं पेट्रोल आटून त्याचा डिंक झालेला असतो आणि तळाला गंज. टाकी पूर्ण काढावी, कॉक सोडवावा, आत थोडं रॉकेल आणि मूठभर नट टाकून खळाखळा हलवावं, ओतावं, पुन्हा हलवावं. लाल पाणी यायचं थांबेपर्यंत. हे काम अंगणात, चुलीपासून आणि बिडीपासून लांब. कॉकची जाळी, रबरी नळी आणि कॉकचं वायसर सरळ नवीन घ्यावं.

कार्बोरेटर उघडल्यावर जेटच्या बारीक भोकात तार घालायचा मोह होतो. घालू नये. पितळेचं भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. पेट्रोलमध्ये भिजत ठेवून फुंकावं, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यावी. फ्लोटची सुई झिजली असेल तर बदलावी, कारण ती पेट्रोल अडवू शकली नाही की पेट्रोल थेट इंजिनाच्या पोटात साचतं. म्हणूनच जुने लोक गाडी लावली की न चुकता कॉक बंद करायचे. ती चिंगूसपणाची सवय नव्हती.

ठिणगी बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. प्लग टोपीत घालून हेडला टेकवायचा आणि किक मारायची. पण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना तिथेच ठिणगी पाडली तर भडका उडतो, म्हणून प्लग भोकापासून दूर टेकवावा. ठिणगी नसेल तर दोष बहुधा पॉइंट किंवा कंडेन्सरमध्ये असतो. पॉइंटवर चढलेली काळी पुटं बारीक पॉलिश पेपरने घासावीत, फट ०.४ मिमीच्या आसपास ठेवावी, प्लगची फट ०.६. फिलर गेज स्वस्त मिळतं, अंदाजाने काम करू नये. मॅग्नेटचं चाक काढायला पुलर लागतो. छिन्नी-हातोडीने ठोकून काढलेली चाकं पुढे वेडीवाकडी फिरतात. त्याच्या खाचेत एक अर्धगोल छोटी चावी असते. ती तुटली किंवा सरकली की टायमिंग चुकतं आणि सगळं नवीन घालूनही गाडी उलटी किक मारते. तासन्‌तास शोधूनही दोष सापडत नसेल तर आधी ही चावी बघावी.

धूर काय सांगतो

चालू झालेल्या गाडीचा पहिला धूर दाट असणारच. ओतलेलं तेल जळत असतं. पण दहा मिनिटांनीही पांढऱ्या धुराचे लोट थांबत नसतील आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर चेनच्या बाजूचं ऑइल सील गेलं आहे. पेटीतलं तेल इंजिनाच्या पोटात ओढलं जातंय. दुसरं सील मॅग्नेटच्या बाजूला. ते गेलं की उलटी गंमत होते. तिथून तेल नाही, हवा आत शिरते. गाडी एकदम हलकी, उत्साही वाटते, ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन ओरडत राहतं. चालवणारा खूश. पण हवेबरोबर पेट्रोल कमी पडतं, म्हणजे तेलही कमी पडतं, उष्णता वाढते आणि कुठल्यातरी चढावर पिस्टन चिकटतो. रबराची ही दोन सीलं फारशी महाग नाहीत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत ती कडक झालेलीच असतात. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही बदलून टाकावीत.

क्लच दाबूनही गाडी पुढे ओढत असेल तर घाबरायचं कारण नाही. लॅम्ब्रेटाच्या जुन्या क्लच प्लेटांना बुचाचं अस्तर असतं. वर्षानुवर्षं पडून त्या एकमेकींना चिकटतात. प्लेटा सुट्या करून तपासाव्यात, अस्तर झडलं असेल तर नव्या घ्याव्यात, आणि नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजत घालाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळतात. गिअर ऑइल एसएई ९०, साधारण ७०० मिली. क्लच याच तेलात फिरतो, म्हणून ट्रॅक्टरच्या डब्यातलं उरलेलं कुठलंही तेल त्यात ढकलू नये. जुनं तेल काढताना बोटावर चोळून बघावं. चमकणारी बारीक पूड चालते, कपचे निघाले तर पेटी उघडायची.

चाक खोलताना जीवाशी गाठ

हा मुद्दा मात्र दोनदा वाचावा. लॅम्ब्रेटाची रिम अखंड नसते. दोन वाट्या समोरासमोर ठेवून नटांनी आवळलेल्या असतात. आत ट्यूब. चाकावर दोन प्रकारचे नट दिसतात. काही नट चाक हबला धरतात, काही दोन वाट्या एकमेकींना. ट्यूबमध्ये हवा असताना चुकून वाट्यांचे नट सोडले तर दाबाने त्या फाकतात आणि लोखंडाची वाटी तोंडावर येते. त्यामुळे पान्हा लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडायची, आणि मगच कुठल्याही नटाला हात. गावातल्या नव्या पंक्चरवाल्या पोराने असं चाक कधी पाहिलेलंही नसतं. त्याला आधी सांगावं.

टायरला नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला असं नाही. बाजूला भेगा पडल्या असतील तर दोन्ही टायर-ट्यूब बदलायचे. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावी. मागच्या हबचा मोठा मधला नट आणि त्याचं लॉक घट्ट आहे ना, हेही बघावं. तो ढिला राहिला तर आतले दाते झिजतात आणि एक दिवस इंजिन फिरतं, चाक नाही.

केबली सगळ्या नवीन टाकाव्यात. गिअरच्या दोन, क्लचची, ॲक्सिलेटरची, ब्रेकच्या. एकूण खर्चात हा भाग किरकोळ, पण गाडीची निम्मी कुरकुर इथेच असते.

पेट्रोल बदललंय, गाडी तीच आहे

आजोबांच्या काळी पंपावर टू-टीचं वेगळं मशीन असायचं. लिटरमागे किती मिली ते सांगायचं आणि तेल टाकीत पडायचं. लॅम्ब्रेटाच्या या इंजिनाला जुन्या हिशोबाने ४ टक्के तेल, म्हणजे एका लिटरला ४० मिली. इंजिन नुकतं बोअर केलं असेल तर सुरुवातीला थोडं जास्त. तेल नंतर टाकून गाडी हलवण्यापेक्षा आधी कॅनमध्ये मिसळून मग ओतलं तर मिश्रण सारखं होतं. चारचाकीचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल यात चालत नाही, टू-टीच हवं.

आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊस आपलाच, तक्रार कुणाकडे करायची! पण ही गाडी बनली तेव्हा कुणी असलं पेट्रोल पाहिलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि तिथेच गंज धरतो. जुन्या प्रकारचं रबर त्याने फुगतं नाहीतर चिरतं. शिवाय या पेट्रोलमुळे मिश्रण थोडं विरळ होतं, आणि दोन स्ट्रोकला विरळ मिश्रण म्हणजे जादा उष्णता. म्हणून नळी, वायसर, सुई आजच्या पेट्रोलला चालणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. प्लगचा रंग बघत राहावं. विटकरी-तपकिरी दिसला तर ठीक, पांढराफटक दिसला तर जाणत्या मेकॅनिककडून जेट एक नंबर मोठा करून घ्यावा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करावेत.

चालवताना एक पथ्य. घाट उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण बंद करून, गिअरच्या जोरावर लांबलचक उतरायची सवय आपल्याला फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी लावली. इथे ती चालत नाही. ॲक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, पण पिस्टन मात्र वेगाने वरखाली होतोय. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी, म्हणजे तेलाचा घोट पोचतो.

वर्षातून एकदा सायलेन्सर काढून बघावा. दोन स्ट्रोकमध्ये न जळलेलं तेल तिथे काजळी होऊन साचतं, आणि गाडी चढाला मान टाकते. कित्येकांनी यापायी उगाच रिंगा बदलल्या आहेत.

कागद असतील तर गाडी, नाहीतर लोखंड

यंत्र दुरुस्त होतं. पण कागद? खरी किंमत तिथे ठरते. आरसी बुक, म्हणजे ते जुनं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, जमिनीच्या कागदांत शोधावं. त्यावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी जुळतात का ते बघावं. रंगवाल्याने पॉलिश मारताना हे आकडे घासून टाकले तर गाडी कागदोपत्री संपली. म्हणून रंगाआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

गाडी मयत आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. पुस्तक हरवलं असेल तर पोलीस तक्रार आणि दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीची नोंदणी नव्याने वाढवायला फॉर्म २५, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. शिवाय विमा, पीयूसी आणि आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या कित्येक गाड्या ऑनलाइन नोंदीत चढलेल्याच नाहीत. मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकून बघावं. नोंद दिसली नाही तर जिथे गाडी पहिल्यांदा पासिंग झाली त्या आरटीओत जुनी नोंद चढवून घ्यावी लागते. मुंबईची गाडी असेल तर एक-दोन खेपा धरून चालावं, आणि एजंटाच्या हाती मूळ पुस्तक देऊ नये. झेरॉक्स द्यावी.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना आणखी एक वाट आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ दुचाकी-चारचाकींसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी यात बसते. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५ हजार. मात्र ती गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. धंद्याला तर नाहीच. दूध घालायला किंवा शाळेवर जायला गाडी हवी असेल त्याने नेहमीची नोंदणीच वाढवून घ्यावी. आणि व्हिंटेजचा विचार असेल तर फ्रेम कापणं, पत्रे बदलणं, चेतकचं इंजिन घालणं असले उद्योग आधीच करून ठेवू नयेत, कारण मूळ रूप गेलं की हा दरवाजा बंद होतो.

स्पेअर अजून मिळतात. भांडुप आणि लखनौ दोन्हीकडे गाड्या भरपूर बनल्या, आणि इंग्लंड-इटलीतले शौकीन आजही इथल्या मालावर नजर ठेवून असतात. म्हणूनच गावोगावी फिरणारे काही जण मुद्दाम लॅम्ब्रेटाच शोधतात आणि भंगाराच्या भावात उचलतात. तीच गाडी पुढे लांबीने भोकं बुजवून, झगझगीत रंग मारून कैक पटीने विकली जाते. असल्या नटव्या गाडीचं फ्लोअर बोर्ड अंगठ्याने दाबून बघावं, मग आत पत्रा आहे की लांबी ते कळतं. ज्याला विकायचीच आहे त्याने निदान दोन-तीन जणांकडून भाव घ्यावा, आणि गाडी नेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, सही, तारीख आणि फॉर्म २९-३० घेतल्याशिवाय ती अंगणातून हलू देऊ नये. गाडी आजोबांच्या नावावर असेपर्यंत तिच्यावर काहीही घडलं तरी पोलीस पत्ता बघून घरीच येणार.